अम्मींच्या चालीने अजिंठा

दोन वर्षांपूर्वी आम्ही अजिंठ्याला गेलो, तेव्हा माझ्या सासूबाई नदीकाठी झाडाखाली तीन तास बसून होत्या. सगळ्यांच्या पिशव्या त्यांच्याजवळ. आम्ही लेणी पाहिली, समोरच्या डोंगरावर चढलो, फोटो काढले. परतलो तेव्हा अम्मी एवढंच म्हणाल्या, "पाणी संपलं होतं, पण सामान सोडून कुठं जाणार?" त्यानंतर गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा मुलांच्या अब्बूंनी पहिली अट घातली : या वेळी सगळे चालतील आणि चाल अम्मींची राहील.

आपल्या जालना जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. उत्तरेला भोकरदन, सिल्लोड ओलांडलं की अजिंठ्याचे डोंगर लागतात. साग, पळस आणि सीताफळीचं हे पानगळीचं रान. जालन्याहून गाडीने अडीच-तीन तास. लेण्यांच्या अलीकडे चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या फाट्यावर, आपली गाडी ठेवावी लागते. पुढे बस नेते. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळावा.

बहुतेक लोक आधी लेणी बघतात आणि भर उन्हात डोंगर चढतात. आम्ही फेरी उलटी केली. सकाळच्या गारव्यात वाघूर नदीवरचा पूल ओलांडून समोरच्या डोंगरावर, खाली उतरून पुन्हा पलीकडे आणि दुपारी लेण्यांच्या सावलीत. खालच्या 'व्ह्यू पॉइंट'पर्यंत धडधाकट माणसाला वीसेक मिनिटं लागतात. आम्ही पाऊण तास धरला. तिथून अगदी वरपर्यंत आणखी चाळीसेक मिनिटांचा चढ आहे. पावसाळ्यात तो घसरडा होतो, तेव्हा तिकडे जाऊच नये.

तयारी पंधरा दिवस आधी सुरू झाली. अम्मींच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांना विचारलं. मग रोज संध्याकाळी मोती तलावाकडे फेरी आणि घरी आल्यावर गच्चीचे जिने, सावकाश. नवे बूट त्यांनी घरातच आठवडाभर वापरले. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून हातात काठी.

सामानाची वाटणी बदलली. प्रत्येकाच्या पाठीवर आपली पिशवी आणि आपलं दोन लिटर पाणी. राखणीला कुणी बसायचं नाही. चपात्या, उकडलेली अंडी, खजूर बंद डब्यात. कारण तिथली माकडं हातातली पिशवी बघता बघता ओढून नेतात. आणि एक गोष्ट आपल्या घरांत सहज विसरली जाते : त्या दिवशी अत्तर लावू नये. तिथल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास आणि धूर यांनी माश्या चवताळतात. मुलांनाही बजावलं : आरडाओरडा नाही, दगड मारणं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, परत फिरण्याची वेळ घरीच ठरवली. साडेअकरा वाजता जिथे असू तिथून मागे, मग शिखर दहा पावलांवर का असेना. डोंगरात ठरवायला गेलं की "आलोच आहोत तर" सुरू होतं.

फजरनंतर निघालो. नवाच्या सुमारास पोहोचलो. अम्मी तीनदा बसल्या, चौथ्यांदा सगळेच बसलो. पण खालच्या 'व्ह्यू पॉइंट'ला पोहोचल्या. समोर नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण आणि त्या कड्यात एका ओळीत कोरलेली लेणी. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती याच डोंगरावरून दिसली, असं सांगतात. मुलाला अब्बूंनी पुढचंही सांगितलं. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१४ मध्ये सुरू झालं आणि गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावून भिंतींवरून सुटत चाललेली चित्रं पक्की केली गेली. यझदानींनी पुढे अजिंठ्यावर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. अम्मी ऐकत होत्या. "म्हणजे आज दिसतंय ते कुणीतरी सांभाळलं म्हणून," त्या म्हणाल्या.

वरच्या टोकाकडे थोडं चढलो आणि साडेअकरा वाजले. मुलगा रुसला, टोक दिसत होतं. अब्बू मागे वळले, तसे सगळे वळलो. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. खाली जोहरची नमाज झाली, जेवणं झाली आणि चार-पाच लेणी निवांत पाहून उजेडातच घराकडे निघालो. प्रत्येकाच्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं.

सिल्लोडच्या अलीकडे अम्मींनी विचारलं, "त्या वरच्या टोकापर्यंत मला किती वेळ लागेल?"

दुसऱ्या दिवसापासून गच्चीचे जिने पुन्हा सुरू आहेत.