काँक्रीटला विचारलंस का?
मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट नवीनच शिकलो होतो. साहेबांनी ताबा देण्याची तारीख सांगितली. मी तीच आधी लिहिली आणि बाकीची कामं उलटी मागे कोंबत गेलो. त्यात स्लॅबचे टेकू पाचव्या दिवशी निघणार होते. साहेब खूश.

सेंट्रिंगच्या मिस्त्रीचाचांनी प्रिंट पाहिली. म्हणाले, "बेटा, हे काँक्रीटला विचारलंस का?"

आमच्या स्लॅबचा गाळा पाच मीटरचा. आयएस ४५६ नुसार साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याचे टेकू साध्या सिमेंटला किमान १४ दिवस ठेवायचे असतात. त्या स्लॅबखाली माणसं काम करणार होती!

रात्री बसून सगळ्या तारखा पुसल्या. प्रत्येक कामाला किती दिवस लागतात आणि कशानंतर काय, एवढंच भरलं. टेकूंआधी १४ दिवसांचा 'लॅग' दिला, तोही सुट्ट्या न वगळता. रविवारी आणि ईदला सुट्टी आपण घेतो, काँक्रीट घेत नाही.

आता तारीख सॉफ्टवेअरनं काढली. ती साहेबांच्या तारखेच्या पुढे गेली होती. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यासमोर ठेवली. ते चिडले, पण टेकू चौदा दिवस राहिले.

तेव्हापासून मी तारीख लिहीत नाही, काढतो.