रिसेटच्या आधीची दोन मिनिटं

संगणकातलं काही न कळणाऱ्या माणसालाही शेवटपर्यंत वाचता आलं पाहिजे, एवढी एकच अट संपादकांनी घातली आहे. प्रयत्न करतो. पण गेल्या पावसाळ्यातलं एक प्रकरण डोक्यातून जात नाही, आणि ते सांगायचं तर थोडं आत शिरावंच लागेल.

डिस्कवर कुठली फाइल कुठं ठेवली आहे याचा हिशोब राखणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग म्हणजे फाइल सिस्टिम. पुण्यात व्हेरिटाससारख्या कंपन्यांत या कामात उमेदवारी केलेली माणसं पुष्कळ भेटतात. मी आता कोगनोळीतल्या घरातूनच हे काम करतो. गावात मला ‘कॉम्प्युटर दुरुस्त करणारे’ म्हणतात. त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुरुस्ती म्हणजे बंद करून चालू करणं, या समजुतीचं.

सीमाभागातल्या एका संस्थेचा सर्व्हर रात्री बॅकअप चालू असताना अडकायचा. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स, त्यावर एक्सएफएस. ही फाइल सिस्टिम मूळ सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची, 1990 च्या दशकातली. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीनं 2014 साली आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत तीच मुख्य केली, त्यामुळे आज ती गावोगावी आहे. सर्व्हर कोसळला तर निदान मागे काहीतरी लिहून जातो. अडकलेला सर्व्हर जिवंत दिसतो, नेटवर्कवरून हाक मारली की ओ देतो, पण डिस्कला हात लावणारं प्रत्येक काम जागच्या जागी थांबतं. लिनक्स अशी थांबलेली कामंही ‘लोड’मध्ये मोजतं. प्रोसेसर रिकामा असतो आणि लोडचा आकडा मात्र चढत जातो. मग कुणीतरी सुचवतं, सर, प्रोसेसर वाढवूया.

एखादं काम 120 सेकंदं असं अडकलं की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लॉगमध्ये तक्रार लिहितो. त्या तक्रारीखालीच ती बंद कशी करायची याची ओळ असते, आणि लोक नेमकी तीच ओळ उचलून चालवतात. न चालवली तरी दहा तक्रारींनंतर कर्नल आपणहून गप्प होतो. पहिल्या दहांतच पुरावा असतो.

आणखी एक वाद ‘किल मायनस नाइन’ या आज्ञेचा. सक्तीनं मारूनही अडकलेलं काम मरत नाही, म्हणून लिनक्सच सदोष, असं शिकलेली माणसंही म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही. त्या कामाच्या हातात कुलपं असतात, जर्नलमधली, म्हणजे हिशोबातला बदल आधी टिपण्याच्या वहीतली, नोंद अर्धवट लिहिलेली असते. त्याच क्षणी ते उपटून काढलं तर हिशोब कायमचा चुकेल. अशा थांबण्याला ‘डी’ अवस्था म्हणतात आणि ती विचारपूर्वक ठेवलेली आहे. जिथं मारणं सुरक्षित आहे तिथं मारता यावं, यासाठी 2008 साली मॅथ्यू विल्कॉक्स यांनी कर्नलमध्ये वेगळी अवस्था आणली. नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या एनएफएसला तिचा मोठा उपयोग झाला. सरसकट सगळीकडे ती लावा म्हणणाऱ्यांनी एकदा तुटलेला जर्नल दुरुस्त करून पाहावा.

आता ट्रेस, म्हणजे काय घडत गेलं याची क्रमवार नोंद. कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या सिस-आरक्यूची ‘डब्ल्यू’ आज्ञा दिली की त्या क्षणी कोण कुठं अडकलंय याची यादी मिळते. आमच्या टोलनाक्यावर कागलपर्यंत रांग लागली आणि तिचा फोटो काढला, तर कोण उभं आहे ते दिसेल. पहिली गाडी का थांबली ते दिसणार नाही. त्यासाठी आधीपासूनची नोंद हवी. ती ठेवतो कर्नलमधलाच एफट्रेस. प्रत्येक प्रोसेसरमागे ठरावीक मेमरी, ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या. खरी गोम इथंच आहे. कर्नलला अडकल्याचं कळायला दोन मिनिटं लागतात, कधी त्याच्या दुप्पट, आणि एक्सएफएसच्या सगळ्या घटना टिपल्या तर मूळ मेमरी त्याच्या कितीतरी आधी भरून जाते. म्हणून ही मेमरी, म्हणजे बफर, मोठी करायची, मोजक्याच घटना निवडायच्या, आणि अडकल्याची घटना घडताच ट्रेस आपोआप थांबेल असा ट्रिगर लावायचा. ट्रेसची फाइल अडकणाऱ्या डिस्कवर मुळीच ठेवायची नाही, नाहीतर तीही रांगेत उभी राहते.

त्या संस्थेत यादी एकदा हाती लागली. सगळी कामं जर्नलमध्ये जागा मिळण्याची वाट पाहत होती. जागा अडवली कुणी? डिस्क कंट्रोलरनं एखाद्या लिखाणाची पोच दिलीच नाही, की फाइल सिस्टिमनंच एक बफर धरून ठेवला? एक दोष हार्डवेअरवाल्यांचा, दुसरा आमच्या जातीचा. ठरवण्याआधीच तिथं रिसेट दाबलं गेलं. काउंटरवर लोक खोळंबले होते, हे मला समजतं.

नंतर मी ट्रेस लावून दिला, आणि तेव्हापासून सर्व्हर एकदाही अडकलेला नाही. ट्रेसमुळे प्रत्येक काम किंचित सावकाश होतं, दोन कामांचा क्रम बदलतो, आणि क्रमावरच बेतलेला दोष दबून राहू शकतो. दोष गेला असं मी लिहून देऊ शकत नाही. संस्थेचं म्हणणं, सर्व्हर बरा झालाय, आता ते काढून टाका. मार्चअखेरीला हिशोबाचा भार वाढेल, निदान तोवर राहू द्या, असं मी त्यांना कळवलं आहे.