घड्याळाचे गाव

एकाच शहरात दोन वेळा नांदण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली; तरी तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारी आपली वेळ मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही. त्या काळी कोणी वेळ सांगितली, की ‘मुंबई टाइम, की स्टँडर्ड?’ असे विचारून घ्यावे लागे. या प्रश्नातील शहाणपण आम्हां दिल्लीकरांस उमगले, ते फार उशिरा.

आमच्या मावशी नोएडातील एका रुग्णालयात रात्री तीन वाजून वीस मिनिटांनी निवर्तल्या. स्मशानभूमीच्या पावतीवर तारीख सतरा. रुग्णालयाच्या कागदावर मात्र सोळा! विम्याच्या कचेरीत दोन्ही कागद शेजारी ठेवले गेले, आणि दुःखात असलेल्या आम्हांलाच खुलासा द्यावा लागला.

कारण शोधता कळले ते असे. रुग्णालयाचा संगणक साऱ्या नोंदी यूटीसी या जागतिक वेळेत ठेवी, आणि ती आपल्याहून साडेपाच तास मागे. कागदासाठी तारीख काढणाऱ्या क्वेरीत हे अंतर मिळवलेलेच नव्हते. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जे घडे, ते आदल्या दिवशी जमा होई. एरवी तारीख बरोबर येई, म्हणून दोष झाकलेला राहिला.

दुरुस्तीस आलेल्या तरुणाने क्वेरीत ‘आयएसटी’ ही अक्षरे घातली, तरीही सोळाच! पोस्टग्रेस या डेटाबेसात, वेगळे सांगून ठेवले नसेल तर, या अक्षरांचा अर्थ इस्रायलची वेळ असा होतो, आणि ती यूटीसीहून दोनच तास पुढे धरली जाते. त्या हिशेबाने मावशी रात्री अकरा पन्नासला गेल्या होत्या. ‘आशिया/कोलकाता’ असे पुरे नाव लिहिताच सतरा तारीख उमटली. भारतीय प्रमाणवेळ राखणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा दिल्लीतच आहे. पण घड्याळाचे गाव कोणते, हे यंत्र आपण होऊन विचारीत नाही. ते निःशंकपणे उत्तर देते, एवढेच.

मावशींचा कागद सुधारला. परंतु त्याच रुग्णालयात त्याच घटकांत जन्मलेली बाळे आणि गेलेली माणसे आणखीही असतील. ज्यांच्या घरी शेजारी ठेवावयास दुसरा कागदच नाही, त्यांचा एक दिवस कोण परत करणार?