छत्रीवरची संध्याकाळ

इंदूरला गेलं की संध्याकाळी सहाला बाबा चपला घालून दारात उभे. "चल, छत्रीवर जाऊ." छत्री म्हणजे कृष्णपुरा छत्री. राजवाड्यापासून पायी जाण्याइतकी जवळ, कान्ह नदीच्या काठावर होळकरांच्या दगडी समाध्या. तिथल्या पायऱ्यांवर बसायचं, बस्स.

बाबांचे तीन-चार जोडीदार आधीच आलेले. "या या, पुणेकर!" गप्पा मराठीत सुरू होतात आणि अर्ध्यातच हिंदीत शिरतात. समोर काळं पाणी. मी म्हटलं, "बाबा, केवढा वास येतोय!"

"आम्हाला सवय झाली रे."

आई गेल्यापासून बाबा एकटेच. या वेळी त्यांना पुण्याला न्यायचं ठरवूनच आलो होतो, दोन तिकिटंही काढली होती. ते तिथेच सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत, नदीकडे बघत राहिले.

अंधार पडला, मंडळी उठली. एक काका म्हणाले, "काय भाऊ, उद्या येणार ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"येतील," मीच म्हणालो.

मग सराफ्यात गेलो. सोन्याची दुकानं बंद होत होती, त्यांच्यासमोर खाण्याच्या गाड्या लागत होत्या. दोघांत एक दोना भुट्ट्याचा कीस घेतला. त्यातला जास्त बाबांनीच खाल्ला. घरी येऊन एक तिकीट रद्द केलं.

इंदूरकरांनो, तुमच्या घरचं कुणी अजून बसतं का छत्रीवर?