कवचाआतला ओलावा

या स्मरणिकेत शिक्षण, शिस्त आणि संस्कार यांवर अधिकारवाणीने लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही लिहिणार आहोत ते एका थर्माकोलच्या पेटीविषयी. वसतिगृहातील मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी ही अंडी उबवण्याची पेटी तयार केली होती. आत एक बल्ब, संगणकातून काढलेला छोटा पंखा, तापमान-नियंत्रक, आर्द्रतामापक आणि पाण्याच्या दोन वाट्या. प्रदर्शन संपले आणि पेटी सुलतानपूरला आमच्या घरी येऊन पडली.

श्रावणातील एका संध्याकाळी शेजारच्या बाई पदरात १३ अंडी घेऊन आल्या. त्यांच्या खुडूक कोंबडीला मुंगसाने मारले होते आणि अंडी पाच दिवसांची उबलेली होती. बाईंना शेत नाही. मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या कोंबड्यांवरच भागवतात. "गुरुजी, तुमच्या पेटीत जमन का?" एवढेच त्यांनी विचारले. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने होकार दिला.

तापमान ३७.५ अंशांवर स्थिर ठेवले आणि अंडी दिवसातून पाच वेळा फिरवली. ओलाव्याबाबत मात्र आमची समजूत अशी होती की तो जितका अधिक तितका बरा. म्हणून दोन्ही वाट्या काठोकाठ भरल्या, शिवाय ओले फडके ठेवले. मापक ६२ टक्के दाखवत होता, तेव्हा थोडे वाढले तर बिघडले काय, असे वाटले. २१ व्या दिवशी तीन पिले बाहेर आली. दोघांनी कवचाला भोक पाडले आणि तेथेच मान टाकली. आणखी एकाला आम्ही हाताने कवच सोलून बाहेर काढू लागलो, तर पापुद्र्यातील रक्तवाहिन्या तुटून रक्त आले आणि तेही गेले. उरलेली अंडी फोडून पाहिली तेव्हा एक अंडे निर्जीव निघाले. बाकीच्यांत पूर्ण वाढलेली, पण सुजट आणि ओलीचिंब पिले होती. बलक पोटात पुरता ओढला गेला नव्हता आणि अंड्याच्या रुंद टोकाची हवेची पोकळी अगदी लहान राहिली होती.

आम्ही बाईंना नुकसानीचे पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. ओल्या पेटीत हात घालून त्या म्हणाल्या, "पावसायात कोंबडी कोरडी जागा पाहते, गुरुजी. तुमी तं त्याईले वल्ल्यात बसोलं."

इतिहासाची एम. ए. पदवी मिळवलेल्या आम्हांला हे एक वाक्य पुढे कित्येक आठवडे पुरले. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते, आणि ती जायलाच हवी. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ ते १३ टक्क्यांनी घटले पाहिजे. म्हणजे ४५ ग्रॅमचे गावठी अंडे ३९-४० ग्रॅमवर यावे. जेवढे पाणी जाते तेवढी हवेची पोकळी वाढते, आणि पिलू पहिला श्वास त्याच पोकळीत घेते. पेटीत ओल फार झाली की पोकळी वाढत नाही आणि पिलू स्वतःच्याच ओलाव्यात गुदमरते. ओल फार कमी झाली तर आतला पापुद्रा वाळून पिलाच्या अंगाला आवळून बसतो. म्हणून पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य ठरते.

यात ऋतूचा हिशेब आम्ही विसरलो होतो. श्रावणात ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत येऊन ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५३ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाण्याची गरजच नव्हती! माघात मात्र २५ अंशांची, ४० टक्क्यांची हवा त्याच पेटीत जेमतेम २० टक्के उरते. शिवाय पाण्याच्या खोलीने काही साधत नाही, पसरट पृष्ठभागाने साधते. आमचा मापकही खरा नव्हता. चमचाभर मीठ थोड्या पाण्याने ओलसर करून मापकासह बंद डब्यात रात्रभर ठेवले, तर काटा ७५ वर यायला हवा. आमचा ६७ वर थांबला. आम्ही ६२ समजत होतो तेव्हा पेटीत ७० टक्के ओल होती.

याच काळात मज्झिमनिकायातील चेतोखिलसुत्त पुन्हा वाचले. तेथे आठ, दहा किंवा बारा अंड्यांवर बसलेल्या कोंबडीचा दृष्टान्त आहे. तिने अंडी नीट उबवली, तर पिले सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा तिने केली नाही तरी ती बाहेर येतातच. संयुत्तनिकायात याची दुसरी बाजूही सांगितली आहे: नीट उबवली नाहीत, तर कितीही इच्छा केली तरी उपयोग नाही. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेत तर याचे स्पष्टीकरणच आढळते. उबेने अंड्यातला ओलावा क्षीण होतो, कवच पातळ होते, पिलाची नखे व चोच टणक होतात. कवचातील चुना पिलाच्या हाडांत जातो, हे आजचे विज्ञान सांगते. बाईंना ठाऊक होते ते अट्ठकथेतही होते. ठाऊक नव्हते ते आम्हांला.

माघात बाईंनी पुन्हा १२ अंडी आणून दिली, हा त्यांचा मोठेपणा. या वेळी एक पसरट ताटली ठेवली, मापकाच्या आकड्यात ८ मिळवले, आठवड्याला वजन घेतले आणि बॅटरीच्या उजेडात पोकळीची रेघ पेन्सिलीने आखली. सातव्या दिवशी एक अंडे निर्जीव ठरले. १८ व्या दिवशी फिरवणे थांबवले, पाण्याचा पृष्ठभाग वाढवला आणि झाकण लावले. संध्याकाळी एका अंड्याला भोक पडले. रात्रभर त्यापुढे काही घडेना. आमचा हात दोनदा झाकणाकडे गेला आणि दोनदा मागे आला. त्या विश्रांतीत पिलू उरलेला बलक आणि पापुद्र्यातले रक्त आत ओढून घेत असते, हे आता कळले होते. पहाटे ते स्वतःच्या चोचीने बाहेर आले. एकूण नऊ पिले निघाली. दोन आतच गेली, त्यांचे कारण सापडले नाही.

जून महिन्यात वसतिगृहात नवी मुले येतात. त्यांतली अनेक घरातून शाळेत येणारी पहिलीच असतात. त्यांच्या काळजीपोटी आम्ही वर्षानुवर्षे उत्तरे फळ्यावर तयार लिहून देत असू. मुले उत्तीर्ण होत. पण पुढे महाविद्यालयात गेल्यावर स्वतःचे एक पान लिहिताना अडखळत. आपण त्यांना ओल्यात बसवले होते, हे आम्हांला त्या पेटीने सांगितले. आता आम्ही प्रश्न देतो आणि थांबतो. थांबणे अजूनही जड जाते.

पेटी पुन्हा शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. मापकावर एका विद्यार्थिनीने कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: "यात ८ मिळवावे." ती त्या बाईंची मुलगी.