माडग्याची वाटी

२०२३ च्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मियांबीवी एकामागोमाग एक वजनकाट्यावर उभे राहिलो. महिनाभराचे रोजे झालेले, दिवसदिवस घशाखाली पाण्याचा थेंब नाही, आणि काटा म्हणत होता, दोघांचंही दोन-दोन किलोंनी वाढलंय. एकाचं ८२, दुसरीचं ७४. त्याच आठवड्यात रक्ताचे रिपोर्ट आले. एकाला साखर निघाली, दुसरी उंबरठ्यावर.

डॉक्टरांनी सांगितलं, "अर्धं जेवा." आम्ही आज्ञाधारक. अर्धी चपाती, अर्धी वाटी भाजी, भात बंद. तीन आठवडे निघाले. मग एका रात्री अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. दिवा लावून पाहिलं तर आमच्यातलं एक नानकटाईच्या डब्यापाशी उभं, तोंड भरलेलं. पकडणाऱ्याने तरी काय बोलावं? तोही त्याच डब्यासाठी उठला होता. त्या रात्री डबा रिकामा करूनच आम्ही झोपलो.

उपाशी माणसाला शहाणपण शिकवता येत नाही, हे गरिबीत वाढलेल्या आम्हाला खरं तर ठाऊक असायला हवं होतं. प्रश्न कमी खाण्याचा नव्हता, पोट भरण्याचा होता. आमचं ताट अर्धं झालं होतं, पण त्यात जे उरलं होतं ते पोटात टिकणारं नव्हतं.

मग आम्ही वाचायला लागलो. १९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरी भरेल एवढाच द्यायचा आणि पुढचे दोन तास भूक किती शमली ते विचारायचं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. लोण्याने थबथबलेल्या क्रॉसाँला मिळाले ४७, आणि सगळ्यांत वर कोण, तर साधा उकडलेला बटाटा, ३२३! बिचारा बटाटा! आपण त्याला तेलात बुडवतो आणि दोष त्याच्या माथी मारतो. अर्थात साखर असलेल्याने बटाट्याच्या राशी खाऊ नयेत. तो प्रयोग भुकेचा होता, साखरेचा नव्हे. पण मासे, संत्री, सफरचंद, अंडी, डाळी हे सगळे पावाच्या वर होते. ज्यात पाणी, तंतू आणि प्रथिनं जास्त ते पोट धरून ठेवतं. ज्यात तेल-तूप-मैदा जास्त ते जिभेवरून सरळ कमरेकडे जातं.

अमेरिकेतल्या बार्बरा रोल्स यांचा १९९९ चा प्रयोग तर आम्हाला फारच आवडला. जेवणाआधी काही बायकांना कोंबडी-भाताचा एक पदार्थ दिला. एकदा नुसता, एकदा सोबत ग्लासभर पाणी, आणि एकदा तेच पाणी त्यात घालून सूप केलेलं. जिन्नस तेच, पाणी तेवढंच. सूप घेतलं त्या दिवशी बायका पुढचं जेवण कमी जेवल्या. पाणी वेगळं प्याल्याने तसं झालं नाही.

हे वाचताना आमच्या दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली, माडगं. हुलग्याचं पातळ माडगं, लसणाचा ठेचा घातलेलं. आम्ही दोघंही मंगळवेढ्याकडचे. ज्वारीचं कोठार म्हणतात ते हेच. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पुण्याला येऊन पंचवीस वर्षं झाली, तेवढी वर्षं आमच्या घरात हुलगा शिरला नव्हता. भाकरीही क्वचित. पाहुण्यांसमोर तर नाहीच. आमच्यात घराची ऐपत रोगनाच्या थरावरून मोजतात ना!

आम्ही हुलगे आणले, मटकी भिजवली, अंबाडी आणि मेथी आणू लागलो. ज्वारी आणि गहू, कॅलरी जवळपास सारख्याच, त्यामुळे चार भाकरी चापल्या तर वजन तसूभरही हलत नाही. पण भाकरी चावावी लागते, तिच्यासोबत वाटीभर पातळ डाळ आणि मूठभर पाला पोटात जातो, आणि दीड भाकरीवर हात थांबतो. तेल मात्र मोजलं. एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी, आणि पोटाला त्याचा पत्ताही नाही. महिन्याला पाच किलो लागायचं ते दोनवर आणलं. गोश्त सोडलं नाही. मात्र चरबी काढून, शोरबा पातळ करून, त्यात दुधी नाहीतर पालक घालून. बिर्याणीच्या दिवशी आधी कचुंबर आणि दही, मग बोट्या, आणि भात शेवटी.

पावसाळ्यात गावाहून अम्मा आल्या. पहिल्याच रात्री दस्तरखानावर माडगं पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"क्या रे, नौकरी गई क्या तेरी?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. जेवल्याही नाहीत. रात्री उशिरा बोलल्या. १९७२ चा दुष्काळ. आमच्यातला एक तेव्हा चार वर्षांचा. खडी फोडायला जायचं, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, आणि मूठभर हुलग्याचं पीठ घरभर माणसांना पुरावं म्हणून माडग्यात पाणी वाढवत न्यायचं. "पानी पिलाके सुलाया तुमना," त्या म्हणाल्या. पोरं मोठी झाली की त्यांच्या ताटात गहू आणि तूप असेल, हुलगा असणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. त्यांच्या हातचं तूप नाकारताना आम्ही काय नाकारत होतो, ते आम्हाला त्या रात्री कळलं. पंचावन्न वर्षांच्या लेकाने रिपोर्टाचा कागद पुढे केला. अम्मांना वाचता येत नाही. त्यांनी तो हातात धरला आणि विचारलं, "तेरे अब्बा को था वोइच?" हो, तेच. अब्बा त्यातच गेले होते, आणि ते तर किडकिडीत होते.

पुण्याचेच डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरात चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली हाडं बारीक, चरबी पोटात लपलेली. म्हणून आपल्याकडे काट्याइतकीच टेपही महत्त्वाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. आम्ही शिवणयंत्राच्या खणातली टेप काढून मोजली आणि काही दिवस ती पुन्हा काढली नाही.

२०२४ च्या रमजानला डॉक्टरांना आधी विचारून गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या. सहेरीला फेणी-दूध बंद. उकडलेली अंडी, दही, भाकरी, भिजवलेले चणे. इफ्तारला एक-दोन खजूर, पाणी आणि वाटीभर पातळ डाळ. मग मगरिबची नमाज. पूर्वी आम्ही नमाजेआधीच भजी-समोशांची परात संपवत असू. आता नमाज पढून परत बसेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढ्यात पोटाचा निरोप डोक्यापर्यंत पोचलेला असतो. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, तकरीर संपली की तडक पुलावाकडे वळत होतो. शेजाऱ्यांकडून समोशांची रकाबी येतेच. परत पाठवता येत नाही. एकेक खातो, उरलेले वॉचमनच्या पोरांना.

त्या ईदेला काटा ७५ आणि ६९ दाखवत होता. शिरखुर्मा खाल्ला, वाटीभरच.

अम्मा आता वर्षातून दोनदा येतात. गेल्या खेपेला येताना गाठोड्यातून दोन किलो हुलगे घेऊन आल्या, निवडलेले, भाजलेले. माडगं त्याच करतात. सुनेच्या माडग्यात गाठी राहतात, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. स्वतः मात्र अजून त्याला तोंड लावत नाहीत. आमच्या वाट्या भरतात, समोर बसतात, आणि आमचं लक्ष नाही असं बघून भाकरीवर तुपाचं बोट फिरवतात.