रानातलं अनोळखी

रानात सापडलेल्या अनोळखी प्राण्याची कादंबरी बहुधा ठरलेल्या वाटेने चालते. गाव लहान असतं, गावाला लागून रान असतं. आधी एखादी शेळी नाहीशी होते. मग चिखलात कुणालाच न ओळखता येणारा ठसा उमटलेला दिसतो. एक म्हातारा गुराखी काही सांगू पाहतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही. मराठी वाचकाला या भयाची गोडी लावली ती नारायण धारपांनी. 'लुचाई' वाचून रात्री परसात जायला कचरणारी माणसं आपल्या घराघरांत होती. मला हा कथाप्रकार मनापासून आवडतो. भीतीच्या खाली त्यात एक खरी ओढ असते: रोज दिसणाऱ्या आपल्या डोंगरात, आपल्याला ठाऊक नसलेलं कुणीतरी राहत असावं.

पेणजवळच्या आमच्या डोलवी गावात ही ओढ जास्तच जाणवते. एका अंगाला धरमतरची खाडी, अंबा नदीचं गढूळ पाणी, खारपाटाचे बांध आणि उघाड्या. पोलाद कारखान्याचा उजेड रात्रभर आभाळाला चिकटलेला असतो, मुंबई-गोवा महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज पहाटेपर्यंत थांबत नाही. महामार्ग ओलांडून पूर्वेला डोंगरांकडे वळलं की मात्र दिवे विरळ होतात, वाट ठाकरवाडीकडे चढते, आणि पुढे नुसता काळोख.

आमच्या खाडीकाठच्या माणसांनी या काळोखात आधीपासूनच वस्ती करून ठेवली आहे. रात्रीच्या मासेमारीला गेलेल्याला खोल पाण्याकडे नेणारा गिऱ्हा, बांधावरून घरी निघालेल्याला पुन्हा त्याच बांधावर आणून सोडणारा चकवा, डोंगरावर शेंदूर लावलेला वाघदेव. आणि जे खरोखर आहे ते तरी काय कमी नवलाचं? खाडीच्या चिखलात निवट्या अंगावरच्या परांवर सरपटत चालतो, तो मासा असून. पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे पाण्याच्या धारेविरुद्ध भातखाचरांत चढतात आणि सगळं गाव कंदील-बॅटऱ्या घेऊन बांधावर उतरतं. अशा मुलखात कादंबरीकाराला फार कल्पना लढवावी लागू नये.

पण माझं म्हणणं पुढचं आहे. ओळखीच्या रानात अनोळखी जीव निघण्याची कादंबरीतली ती गोष्ट महाराष्ट्रात खरोखर घडलेली आहे, आणि एकदाच नव्हे.

रानपिंगळ्याचंच घ्या. 1873 मध्ये ह्यूम या पक्षी-अभ्यासकाने या छोट्या घुबडाचं वर्णन केलं. पुढे काही नमुने संग्रहालयांत गेले, शेवटचा खरा नमुना 1884 मधला. मग पक्षी नाहीसाच झाला. 1914 चा म्हणून एक नमुना होता खरा, पण तो मायनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने जुना नमुना चोरून, ठिकाण आणि तारीख बदलून रचलेला बनाव होता. पामेला रासमुसेन या संशोधिकेने ती लबाडी उघडी पाडली. खोटी चिठ्ठी बाजूला सारून तिने खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी, तब्बल 113 वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तिला आणि तिच्या सोबत्यांना रानपिंगळा दिसला. तोही दिवसाउजेडी! एका शतकाहून अधिक काळ मेलेला मानलेला पक्षी माणसांच्या शेतांपासून हाकेच्या अंतरावर राहत होता. 2014 मध्ये तो ठाणे जिल्ह्यात तानसाच्या रानातही आढळला, म्हणजे सह्याद्रीच्या आमच्या अंगाला. तेव्हापासून पेणच्या डोंगरात पिंगळा ओरडला की मी थांबून ऐकतो.

त्याहून जवळचा, आणि मला त्याहून प्रिय, प्राणी मातीत आहे. देवगांडूळ. नावात गांडूळ असलं तरी गांडुळाशी त्याचं काही नातं नाही. तो बेडकाच्या गोतातला उभयचर आहे. पाय नाहीत, डोळे जेमतेम, अंगावर कड्यांसारख्या वळ्या, तोंडात बारीक तीक्ष्ण दात. ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली, वाळवी आणि गांडुळं खात त्याचं आयुष्य जातं. 1960 मध्ये एडवर्ड टेलर यांनी खंडाळ्याच्या नमुन्यांवरून यातली एक स्वतंत्र प्रजाती शास्त्राला सांगितली. खंडाळ्याचा घाट उतरला की खोपोली, म्हणजे आमचा रायगड जिल्हा लागतो. इतक्या जवळचा हा शेजारी, पण आपल्यापैकी कितीजणांनी त्याचं नाव तरी ऐकलंय?

या कुळाचं घरातलं वागणं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो होतो. कित्येक जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून ती राखते. केनियातल्या एका जातीत आईच्या अंगावरची कातडी दाट आणि सकस होते आणि पिल्लं ती खरवडून खातात. हे 2006 मध्ये उघड झालं. ब्राझीलमधल्या एका जातीची आई पिल्लांना दुधासारखा स्राव पाजते, हे तर 2024 मध्ये कळलं. कुठल्या भयकथाकाराला असं वात्सल्य सुचलं असतं?

असे शोध अजून थांबलेले नाहीत. आंबोलीच्या कातळावर पहिल्या पावसात जमणारा पिवळ्या पट्ट्यांचा भेक 2009 मध्ये नव्याने नोंदला गेला. 2020 मध्ये त्याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात नवा मासा सापडला. पिढ्यान्‌पिढ्या भाविक ज्या पाण्यात हात-पाय धुवत आले, त्याच पाण्यात तो पोहत होता. सरकारने 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

कादंबरीत रानातून काहीतरी निघतं आणि गावावर चालून येतं. आमच्याकडे गावच रानावर चालून जातं. मुरुमासाठी डोंगर पोखरले जातात, रस्ता रुंद होतो, उन्हाळ्यात वणवा एका रात्रीत सगळा पालापाचोळा जाळून टाकतो. त्या पाल्याखाली कोण राहत होतं हे विचारायलाही मग कुणी उरत नाही. नाव मिळण्याआधीच संपलेल्या जीवाची नोंद कुठे होणार?

त्या म्हाताऱ्या गुराख्याबाबत मात्र कादंबऱ्या अगदी बरोबर आहेत. कातकरी, ठाकर, गुरं राखणारी माणसं यांना ओढ्याच्या कुठल्या दगडाखाली कोण असतं हे ठाऊक असतं. शास्त्रज्ञ रानात उतरतो तो बहुतेक वेळा अशाच कुणाचा तरी हात धरून. शोधनिबंधात त्यांची नावं ठळक यायला हवीत असं मला कळकळीने वाटतं.

मराठीत अशी कादंबरी लिहिली जावी. रानातल्या जीवांवर लिहिणं आपल्याला परकं नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांनाच नायक केलं आणि त्या पुस्तकाला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्लींनी अख्खी हयात विदर्भाच्या रानांची भाषा टिपण्यात घालवली. आता खाडी आणि डोंगर यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीची पाळी आहे. त्या कादंबरीत किंकाळ्या नसल्या तरी चालतील. मातीखाली अंडी कवटाळून बसलेली एक आई, आणि वरून सरकत येणारं खोदयंत्र, एवढं पुरेसं भयाचं आहे.

तोवर एवढं करा. मृगाच्या सरींनंतर परसात खणताना, बांध घालताना, मातीतून करडं-तपकिरी, चकचकीत, वळ्यावळ्यांचं काही वळवळत वर आलं, तर साप समजून त्याच्यावर फावडं उगारू नका. देवगांडूळ विषारी सापासारखं दंश करून कुणाला मारत नाही. फोटो काढा, जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा आणि त्याला ओल्या मातीत परत जाऊ द्या.